सुनावणी अकराची, गजर सहाचा

कळंबकडच्या एक मावशी मला भेटल्या, कर्जतच्या तहसील कचेरीबाहेर. जमिनीच्या सुनावणीला गैरहजर राहिलं की हरकत सरळ निकाली काढतात, आणि तारखेचा मेसेज ग्रुपवरच्या 'शुभ सकाळ'खाली गाडला जातो. मला याची भयंकर चीड होती. म्हणून मी लोकांना एक नवं ॲप दाखवत होतो. मेसेज कॉपी करा, की तारीख कॅलेंडरमध्ये आणि कारकुनाचा नंबर कॉन्टॅक्टमध्ये आपोआप जातो.

मावशींनी पदराला बोट पुसून मेसेज कॉपी केला. क्षणात सगळं जागच्या जागी बसलं.

"हुशार हाय रं तुजं यंत्र!" म्हणाल्या, आणि अकराची वेळ खोडून सहा केली.

"मावशी, सुनावणी अकराला आहे!"

"ती सायबाची. आमची गाडी सातला सुटते, दुसरी थेट बाराला. तुज्या यंत्राला ठाव हाय का?"

मी थक्क झालो. मी वाटत होतो त्या प्रत्येक पत्रकावर ठळक अक्षरात अकराच छापलं होतं. मावशींनी सोबतच्या बायकांचे फोन मागून घेतले आणि एकेकावर सहाचा गजर लावला.

सुनावणीच्या दिवशी अकराला कारकुनानं मावशींच्या गावची यादी पुकारली. प्रत्येक नावाला दारातून उत्तर आलं, "हाय."