साक्षीला ठेवलेले मासे

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सातपूरला धातूवर मुलामा चढवणाऱ्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. कामातून उरलेलं आम्लाचं पाणी शुद्ध करूनच मागच्या नाल्यात सोडायचं, असा नियम. ते शुद्ध झालंय हे दाखवायला आम्ही काचेची एक टाकी ठेवली होती. तिच्यात तेच पाणी आणि त्यात मासे. मासे जिवंत, म्हणजे पाणी चांगलं. तपासणीचे साहेब टाकीत डोकावायचे, चहा घ्यायचे, जायचे.

मासे मरायचे. शुद्धीकरणाला लागणारी औषधं मालक पुरेशी आणूच देत नसत. गंगापूर धरणावरून चिलापी माशांची पिल्लं आणून सोडायची आणि मेलेली चहाच्या गाळणीने काढायची, हे काम माझ्याकडे. अंगावर पांढरट बुळबुळीत थर, कल्ल्यांतून लोंबणारी घाण. वास हाताला चिकटून राहायचा. डबा मी चमच्याने खायचो.

पण सगळी सारखी मरत नाहीत, हे हळूहळू लक्षात आलं. एकाच जाळ्यातली, एकाच आकाराची पिल्लं. काही सोडल्या सोडल्या काचेवर आपटायची, उडी मारून बाहेर पडायची, दाण्याला तोंड लावायची नाहीत. सकाळी ती उलटी तरंगत असायची. काही मात्र तळाशी जाऊन बसायची, कल्ले जेमतेम हलायचे, आणि काही दिवसांनी दाणा उचलायची. ती टिकायची. मग मी निवडच करायला लागलो. आधी बादलीत थोडं खराब पाणी ओतायचं, धडपडणारी फेकायची, गप्प बसणारी टाकीत टाकायची. मालक म्हणाले, "तुला माशांतलं बरं कळतं रे." मला तेव्हा बरं वाटलं होतं.

नाल्याकाठी भाजीचा मळा असलेल्या एक बाई एकदा गेटवर आल्या.

"भाऊ, आमच्या इहिरीतले मासे मेले. तुमचं पाणी तर झिरपत नाय ना? घरात प्यायलाबी तेच हाय."

मालकांनी केबिनमधूनच सांगितलं, "मावशींना टाकी दाखव."

त्या वाकून बघत राहिल्या. "ह्यो हालत कसा नाय?"

"शांत आहे स्वभावाने, मावशी."

"आमच्या सासऱ्यावानी. जेवायला हाक मारली का मगच हालायचा." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "ह्योच द्या मला. इहिरीत सोडते. जगला तर पाणी बरं समजू. मेला तर पोरांना दुसरीकडून पाणी आणीन."

शेजारच्या बादलीत त्याच सकाळी आणलेली पिल्लं होती, अजून न निवडलेली. त्यातलं एक पाण्याबाहेर उसळ्या मारत होतं. ते दिलं असतं तर दोन दिवसांत मेलं असतं, आणि त्या सावध झाल्या असत्या. मालक दारात येऊन उभे होते. मी टाकीतला गप्प मासा प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारून दिली.

महिन्याभराने त्या परत आल्या, मेथीची जुडी घेऊन. "मासा लय गुणाचा निघाला, भाऊ. पोरं बिनघोर पितात आता."

मी "बरं झालं" म्हणालो. जुडी घेतली. घरी माझीही मुलगी होती. बसस्टॉपजवळच्या गटारात मी ती जुडी टाकली, हात पँटला पुसले आणि बसमध्ये चढलो.