भास्करभाऊंच्या आखूड पट्ट्या

जिनिंगमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाच्या अंगावरून कापूस कधी पुरता निघत नाही. घरी जाऊन झटका, धुवा, तरी दुसऱ्या दिवशी कॉलरमागे एक पुंजका सापडतोच. आमच्या ऑफिसातल्या किश्श्यांचंही तसंच. संपले म्हणावं, तर चहाच्या वेळी कोणीतरी म्हणतो, "ते भास्करभाऊचं माहीत आहे ना?" आणि माहीत असूनही आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढतो.

भास्करभाऊ म्हणजे सेलूजवळच्या आमच्या जिनिंगचे ग्रेडर, कापसाची प्रत ठरवणारे. वय सत्तावन्न. कापूस मुठीत दाबला की ओलावा सांगणार, मशीन नंतर. उजवा गुडघा मात्र कामातून गेलेला. कापसाच्या गाडीवरून एकदा उडी मारली, तेव्हापासून.

त्यांची मुलगी कॅनडात. दिवाळीत जावई आले ते स्नोब्लेड्स घेऊनच. म्हणजे बर्फावर घसरायच्या स्कीच, पण आखूड, जेमतेम तीन फुटी. सोबत दगडासारखे जड बूट. आता जावयाची भेट परत कशी करणार? त्यात सात वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर हसली, "आजोबा, तुम्ही पडणारच!"

"नाई पडत! कोणाले न धरता, उभ्यानं जाऊन दाखवतो तुले!"

ग्रेडरचा शब्द! सीझन संपला की गुलमर्ग, असं ठरलं. सोबत मी, ऑफिसातल्या शोभाताई आणि फिटर इकबालभाई. आम्हा चौघांपैकी कोणीही फ्रीजबाहेरचा बर्फ पाहिलेला नव्हता.

*

आधी गुडघा दाखवायला सावंगीच्या इस्पितळात गेलो. डॉक्टर म्हणाले, "त्या स्कीच्या लांब पट्ट्यांवर अजिबात जायचं नाही. गुडघा पिळला तर थेट ऑपरेशन."

भास्करभाऊंनी पिशवीतून स्नोब्लेड काढून टेबलावर ठेवली. "अन् आखूडवर?"

डॉक्टरांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मी शोभाताईंकडे पाहिलं. वर्ध्यात एप्रिल तोंडावर आलेला, बाहेर डांबर वितळतंय, आणि आत आम्ही बर्फाचा विचार करतोय! शेवटी डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहून दिली.

बाहेर आल्यावर भास्करभाऊंनी ती तीनदा वाचली. "पडू नये, असं लिहून देलं. हे तर मलेही माहीत होतं!"

*

सराव कुठे करायचा? आमच्याकडे पांढरं काय असतं, तर कापूस. पण कापसावर माणूस घसरत नाही, रुततो. मग सरकीचा ढीग ठरला. सरकी म्हणजे रुई काढल्यावर उरलेलं बी. त्याचा दोन माणसं उंच उतार तयारच होता.

जिनिंगमध्ये सगळ्यात मोठी भीती ठिणगीची. या पट्ट्यांना लोखंडी कडा, म्हणून इकबालभाई आग विझवायचं सिलिंडर रोखून खाली उभे. "भाऊ, आप फिसलो, मैं बुझाता!"

भास्करभाऊ वर उभे राहिले. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग अर्धा ढीग खाली आला आणि भास्करभाऊ घोट्यापर्यंत रुतून तिथेच. घसरलं कोण, ढीग की भाऊ, यावर आमचं एकमत होईना. तेवढ्यात जिनिंगचे मालक, शेठ आले.

"भास्करराव, वर काय करून राह्यले?"

"सॅम्पल घेऊन राह्यलो, शेठ."

"पायानं?"

*

नागपूरच्या विमानतळावर बॅग उघडायला लावली. तपासणीच्या साहेबांनी विचारलं, "ये क्या है?"

भास्करभाऊ म्हणाले, "जूते का नीचे का भाग." इकबालभाई म्हणाले, "लोहे की पट्टी, साब." शोभाताई म्हणाल्या, "खेल का सामान." माझ्या तोंडून घाबरून निघालं, "घुटने का इलाज!"

चौघांची चार उत्तरं! साहेबांनी आमची चारही तिकिटं एकत्र धरून पाहिली. मग त्यांनी हळूच विचारलं, "आप लोग एक साथ हो?"

*

गुलमर्गला गाडीतून उतरलो. जिकडे पाहावं तिकडे पांढरं. शोभाताईंना रडूच आलं. भास्करभाऊ वाकले, मूठभर बर्फ उचलला, दाबला, बोटांत चुरला, उजेडात धरला आणि मान हलवली.

"ओलावा लय आहे. आपण नसता घेतला!"

*

ट्रेनर चांगला होता. पण त्यानं आयुष्यभर लांब स्कीच शिकवलेल्या. भास्करभाऊंच्या पट्ट्या पाहून तोच गोंधळला.

"डंडा नहीं लगता इसमें," तो हातातल्या स्कीच्या काठ्या बाजूला ठेवत म्हणाला.

"मंग धरू कायले?"

"कुछ नहीं पकड़ना. पीछे झुकोगे तो पीछे गिरोगे. आगे झुकोगे तो आगे गिरोगे. पट्टी छोटी है ना. बस, बीच में खड़े रहो."

आम्हाला वाटत होतं, आखूड म्हणजे सोपी. इथे तर टेकायला ना पुढे जागा, ना मागे! शोभाताई मात्र ट्रेनरला ठसक्यात म्हणाल्या, "इनकी चिंता मत करो. शेठ और किसान के बीच में तीस साल से खड़े हैं ये!"

*

आता शेवटचा दिवस. दुपारचे साडेचार. कॅनडात सकाळ, नात शाळेत जायच्या तयारीत. फोन माझ्या हातात, व्हिडिओ कॉल चालू. दोन दिवसांत भास्करभाऊ अकरा वेळा पडले होते आणि गुडघा सुजून लाडवासारखा झाला होता. उताराच्या वर उभं राहून ते माझ्या कानाशी म्हणाले, "पडलो त फोन बंद करजो. पोरीले दिसू देऊ नको."

मी हो म्हणालो.

भाऊ निघाले. हात पसरलेले, तोंड खालच्या दिशेला. दहा पावलं झकास गेले. मग काय झालं ते ट्रेनरलाही सांगता आलं नाही. ते गर्रकन फिरले आणि तोंड आमच्याकडे, पाठ उताराकडे, असे खाली जायला लागले! आमच्याकडेच पाहत, आमच्यापासून लांब लांब. इकबालभाई ओरडले, "भाऊ, घूमो!" ट्रेनर ओरडला, "मत घूमो!" शोभाताईंनी डोळे मिटून घेतले. माझा अंगठा लाल बटणावर होता. दाबू की नको?

नाही दाबला. भाऊ उभेच होते. खाली सपाटीवर जाऊन आपोआप थांबले, तरी उभेच.

मी धापा टाकत खाली पळालो, मागोमाग शोभाताई आणि इकबालभाई. भाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही. फोन त्यांच्यासमोर धरला. नातीनं तोंड स्क्रीनजवळ आणलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही पडला नाहीत!"

"मंग! म्हटलं होतं ना?"

"पण तुम्ही उलटे का गेलात?"

भास्करभाऊंनी वर उताराकडे पाहिलं. मग आम्हा तिघांकडे पाहिलं.

"उलटा? मी त सरळच गेलो, बेटा! हे सारे उलटे उभे होते!"