रडारला दिसलेली पानं

नव्वदच्या दशकात नागभीडजवळच्या एका हवामान केंद्रावर माझी पहिली नेमणूक झाली. केंद्र म्हणजे एक खोली, अंगणात थर्मामीटरची पांढरी पेटी, पर्जन्यमापक आणि खांबावरचं वाऱ्याचं यंत्र. निरीक्षक मी एकटीच. सकाळ-संध्याकाळ आकडे घ्यायचे आणि फोनवर नागपूरला सांगायचे. मधल्या वेळात चारही बाजूंना धानाचे कोरडे बांध, आणि मी. कधी कधी संध्याकाळचे आकडे सांगताना लक्षात यायचं, की सकाळपासून तोंडातून निघालेला हा पहिलाच शब्द.

उन्हाळी वादळांच्या दिवसांत मात्र नागपूरच्या रडारवरून एका माणसाचा फोन यायचा. त्याच्या पडद्यावर ढगांतल्या थेंबांवरून परत आलेल्या लहरींचे उजळ डाग दिसायचे. डाग किती ठळक आणि ढग किती उंच, त्यावरून वादळाचा जोर तो ठरवायचा. पण खाली जमिनीवर काय चाललंय, ते त्याला माझ्याकडूनच कळायचं.

"बाई, डोक्यावर काय आहे?" अशीच त्याची सुरुवात असायची. मी त्याला भाऊ म्हणायचे. नाव त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकदा आकडे संपल्यावर तो म्हणाला, "इथी खोलीत अंधार करून बसा लागते, तेव्हा पडदा दिसते. दिवसभर कोनी बोलत नाई." मी म्हटलं, "इथी उजेड आहे भाऊ, पन तसंच आहे." दोघंही हसलो. त्या आठवड्यात तेवढंच हसले असेन.

मे महिन्यातल्या एका दुपारी त्याचा आवाज वेगळाच होता.

"तुमच्या पश्चिमेले भलता ढग आहे. सोळा किलोमीटर उंच. खालच्या बाजूले आकडीसारखा वाकला, अन् आकडीच्या टोकाले एक गोळा आहे, एकदम ठळक. तिथी धो धो पाऊस पाहिजे. पाहा बरं."

रिसीव्हर टेबलावर ठेवून मी अंगणात आले. पाऊस नव्हताच. पश्चिमेला ढगातून एक काळपट सोंड जमिनीपर्यंत उतरली होती आणि तिच्याभोवती काहीतरी गरगरत होतं. आधी मला पाखरं वाटली. मग त्यात एक टिनाचा पत्रा चमकला आणि समजलं. तिकडच्या फडीवर, पानं गोळा करायच्या मैदानात, विड्यांसाठीचा तेंदूपत्ता वाळत घातला होता, त्याचे पुडेच्या पुडे आभाळात चढले होते.

मी धावत आत आले. "भाऊ, पाऊस नाई! पानं उडून राह्यली. तेंदूची पानं, टिना, फांद्या!"

मग तो हळूच म्हणाला, "म्हंजे मी पानं पाहून राह्यलो." आणि लगेच ओरडला, "बाई, खिडकीपासून सरका! कोपऱ्यात बसा. फोन ठेवू नका."

मी कोपऱ्यात बसले. आगगाडी अंगावर यावी तसा आवाज आला. फोन केव्हा बंद पडला ते कळलं नाही. कानाला लावलेला तो मुका रिसीव्हर मी बराच वेळ तसाच धरून होते.

वादळ केंद्राला चुकवून उत्तरेकडून गेलं. फडीवरच्या राखणदाराचा हात मोडला, पण जीव कोणाचा गेला नाही. दुसऱ्या दिवशी वादळाच्या वाटेनं मी चालत गेले. मोहाची झाडं पट्ट्याच्या एका बाजूला पूर्वेकडे पडली होती, दुसऱ्या बाजूला पश्चिमेकडे. पट्ट्याची रुंदी पावलांनी मोजली, वहीत लिहून घेतली.

चौथ्या दिवशी फोन सुरू झाला.

"कोन बोलते?"

"मीच, भाऊ."

तो म्हणाला, "रोज लावून राह्यलो होतो." त्यानंतर झाडं कोणत्या दिशेला पडली ते त्यानं एकेक करून विचारलं, मी सांगत गेले. वाऱ्याचा वेग त्यावरून काढता येतो म्हणाला.

पावसाळा संपता संपता रडारवरून दुसराच आवाज आला. आधीच्या माणसाची बदली झाली होती, कुठे ते या नव्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त आकडे हवे असायचे.

हिवाळ्यात रजा काढून छोट्या रेल्वेगाडीनं मी नागपूरला गेले, रडार पाहायला म्हणून. अंधाऱ्या खोलीत कोणीतरी मला पडद्यासमोर बसवलं. हिरवी रेघ गोल गोल फिरत होती. आमचं गाव कुठे येतं, ते त्यानं बोटानं दाखवलं.

"आज तिकडं काही नाही," तो म्हणाला.

मी थोडा वेळ पाहत बसले, आणि परतीच्या गाडीला निघाले.