डाव्या कानाचा लेख

मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात शिकवते, आणि नियम पाळायचं मला व्यसन आहे. घरचे म्हणतात, ही रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नलला थांबेल. थांबतेच. त्यात हसण्यासारखं काय आहे?

शहरातल्या बसड्रायव्हरांच्या कानांवर मी एक शोधनिबंध लिहिला. इंजिन त्यांच्या डाव्या हाताला, म्हणून डावा कान आधी जातो. सगळ्यात जास्त मदत केली ती स्वारगेटला भेटणाऱ्या एका ड्रायव्हरकाकांनी. स्वतः तपासणीला बसले, इतरांनाही ओढून आणलं. मागणी एकच: "मॅडम, छापून आलं की मला द्या. अर्जाला जोडतो. गाडीवरून काढून डेपोत काम देतील."

निबंध एका परदेशी नियतकालिकाने स्वीकारला. पुढे दोन पर्याय होते. आम्ही पैसे भरले तर जगात कुणालाही फुकट वाचता येणार. नाहीतर छापणार फुकट, पण वाचणाऱ्याने पैसे मोजायचे. भरायची रक्कम डॉलरमध्ये, रुपयांत केली तर माझे चार पगार. अहो, संशोधन आमचं, कान त्यांचे, आणि पैसे यांना! सवलत मागितली, तर म्हणे तुमचा देश गरीब देशांच्या यादीत बसत नाही. मी मुकाट्याने दुसऱ्या पर्यायावर सही केली. करारात लिहिलं होतं, छापील प्रत वाटू नये. काकांचा फोन आला तेव्हा मी तेच सांगितलं. "बरं," म्हणाले.

दोन महिन्यांनी काही कारणाने करार पुन्हा वाचला. त्याच कलमाखाली बारीक अक्षरांत होतं: लेखकाने स्वतः टाइप केलेला मसुदा कुणालाही देता येईल. तो मसुदा पहिल्यापासून माझ्याकडे पडून होता. तशीच प्रिंट काढून स्वारगेटला गेले.

काकांनी पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. आत माझाच निबंध. "मुलीने पगार झाल्यावर तिच्या कार्डावरून विकत घेतला. तोवर अर्ज थांबवला होता. कालच दिला. तुम्ही एवढं लिहिलंत, आम्ही तेवढं तरी करायला नको?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, चुकलं माझं," मी पुटपुटले.

त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. "काय म्हणालात?"

मग बसच्या सगळ्या रांगेदेखत मी ओरडून म्हटलं, "चुकलं माझं!"