खांद्याच्या वर गेलेला हात

घोडेस्वारी शिकायला गेले, पहिल्याच दिवशी घोड्यावरून पडले आणि शिकवणाऱ्याशी लग्न करून बसले, अशी माझी थोडक्यात हकिगत आहे. शिकवणाऱ्याला तेव्हाही सगळे हळूमास्तर म्हणत. मीही मास्तरच म्हणते. "हळू. अजून हळू," एवढं सोडलं तर त्या माणसाच्या तोंडून दिवसभर फारसं काही निघत नाही. भाजी आणायला पाठवलं तर घरी येईपर्यंत ती सुकून जाते.

गावाबाहेर लाकडाच्या वखारीला लागून आमच्या क्लबची पागा आहे. सहा घोडी, एक रिंगण, पत्र्याचं ऑफिस आणि शेजारी खोगिरांची खोली. त्या खोलीत एका खिळ्याला छड्या टांगलेल्या असतात. नव्या मुलाने आल्या आल्या छडीला हात घातला की मास्तर म्हणतात, "ती राहू दे तिथेच. घोडा नाही म्हणाला तर आधी का नाही म्हणाला ते बघायचं. पट्टा रुततोय का, खुरात खडा अडकलाय का, की तूच लगाम ओढून बसलायस." मुलांचे आईबाप कुरकुरतात, की अशाने आमची पोरं घोडा पळवणार कधी? पण पोरं शिकतात. आमची लेक तर चालायला आणि घोड्यावर बसायला बरोबरच शिकली म्हटलं तरी चालेल.

अशा माणसावर परदेशात स्पर्धेला जायची वेळ आली. ठरलेल्या स्वाराचा हात मोडला आणि राखीव म्हणून कुठेतरी तळाला असलेलं मास्तरांचं नाव वर आलं. या स्पर्धेला इव्हेंटिंग म्हणतात. पहिल्या दिवशी आखलेल्या चौकोनात घोडा शिस्तीने चालवून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी माळावरून, ओढ्यातून, जाडजूड ओंडक्यांवरून दौड. तिसऱ्या दिवशी रंगीत दांड्यांवरून उड्या. तिन्ही दिवस माणूस तोच आणि घोडाही तोच.

आमचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. त्यांनी या निमित्ताने क्लबचं घोडं असं काही दामटलं की गावात एकही चौक फलकावाचून राहिला नाही. मात्र क्लबचं खरं घोडं काही विमानात चढणार नव्हतं. तेव्हा तिकडच्याच एका सत्तरीच्या बाईंनी आपली घोडी तीन दिवसांसाठी उसनी द्यायचं कबूल केलं. मी शिवणकाम करते. काळा कोट मीच शिवला, चार वेळा उसवून. नवऱ्याने एकदाचा कोट घातला तेव्हा आरशात त्याच्यापेक्षा मीच जास्त वेळ बघत होते.

तिथे पोचल्यावर मास्तर रोज व्हिडिओ कॉल करत आणि स्वतःचा चेहरा सोडून घोडीच दाखवत. करड्या रंगाची, एका कानाचं टोक फाटलेली, डोळे मिटून गवत चावणारी. मी म्हटलं, "अहो, मी तुमची बायको आहे, डॉक्टर नाही. तोंड दाखवा." तर म्हणाले, "बघ तरी, किती शहाणी आहे. बाईंनी एकच सांगितलंय. म्हणाल्या, ही उगाच थांबत नाही. थांबली तर तुम्हीही थांबा."

"मग बरोबर जोडी जमली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसाची दौड आम्ही क्लबच्या हॉलमध्ये पडद्यावर पाहिली. अर्धं गाव जमलं होतं. ओढ्यापाशी घोडी एकदा थांबली. मास्तरांनी तिला वळवून परत आणलं आणि ती पाण्यात उतरली. मग शेवटाकडचा तो मोठा ओंडका आला. घोडीचा वेग पडला होता. पडद्यावर मास्तर नखाएवढे दिसत होते, पण त्यांचा उजवा हात उंच वर गेला आणि खाली आला, तो दिसला. घोडी ओंडक्यावरून पार झाली. हॉलमध्ये आरोळी उठली. मी तर खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटल्या. नंबर शेवटून चौथा आला, पण पहिल्यांदा गेलेल्या माणसाने तिन्ही दिवस पुरे केले, हेच आम्हाला डोंगराएवढं होतं.

मास्तर परत आले ते घाम गाळून नव्हे, काहीतरी हरवून आल्यासारखे. मला वाटलं प्रवासाचा शीण. बॅग उपसताना कोट निघाला, टोपी निघाली, बूट निघाले. जाताना बरोबर नेलेली छडी नव्हती.

"छडी कुठे राहिली?"

"तिकडेच टाकली." मग ते मोरीतल्या बादलीकडे बघत उभे राहिले. "मी मारलं तिला."

"कुणाला?" माझ्या डोक्यात क्षणभर त्या सत्तरीच्या बाईच आल्या.

"घोडीला. ओढ्यापाशी थांबली तेव्हाच तिने सांगितलं होतं. दमली होती. मी तिथेच हात वर करून थांबतोय म्हणून सांगायला हवं होतं, लोक सांगतात तसं. पण मला तुम्ही सगळे हॉलमध्ये बसलेले दिसायला लागलात. चौकातले फलक दिसायला लागले. म्हटलं, आता इथून मागे फिरलो तर कुठल्या तोंडाने घरी जाऊ? ओंडक्यापाशी ती कच खातेय हे मला कळलं, आणि मी हात पार खांद्याच्या वर नेऊन तिला छडी मारली."

नियम असा आहे, हे मला तेव्हा कळलं. छडी बाळगायला मनाई नाही, पण हात खांद्याच्या वर नेऊन मारणं हा गुन्हा. पंचांनी बोलावून ताकीद दिली. बाईंनी काही आरडाओरडा केला नाही. त्यांनी मास्तरांच्या हातून लगाम घेतला आणि घोडीला स्वतः चालवत नेलं. मास्तर बादली भरून मागोमाग गेले. बाईंनी ती बादली घेतली नाही. दुसरी भरून आणली, घोडीला धुतलं, तिचे पाय चोळले. हे भरलेली बादली धरून उभे. तिसऱ्या दिवशी घोडी तपासणीत बरी निघाली. खोगीर आणि लगाम बाईंनीच चढवला आणि म्हणाल्या, "ती ठीक आहे म्हणून देतेय. तुमच्यासाठी नाही."

ऐकून मला कसंनुसं झालं. पण मी काय बोलले, तर, "झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे कुणाला कळलंय? आणि कुणाला सांगायचीही गरज नाही." आता ते वाक्य आठवलं की माझेच कान गरम होतात.

मूठ झाकलेली राहायचीच नव्हती. तिकडच्या फोटोग्राफरने काढलेला फोटो अध्यक्षांनी मागवून घेतला आणि दाराएवढा करून ऑफिसात लावला. फोटो मोठा देखणा. घोडी हवेत, चारही पाय पोटाशी, खाली ओंडका, चिखलाचे थेंब मोत्यांसारखे उडालेले, आणि दौडीच्या दिवशी मी शिवलेला काळा कोट घालत नाहीत, तरी मास्तर राजासारखे दिसताहेत. उजवा हात उंच आभाळात. लोकांना वाटे, आनंदाने उंचावलाय. मास्तर ऑफिसात जायचे बंद झाले. चहासुद्धा रिंगणाच्या कठड्यावर बसून प्यायचे. आमच्या लेकीने त्याच फोटोची छोटी प्रत अभ्यासाच्या टेबलावर लावली. मग मास्तर तिचा अभ्यास घ्यायलाही तिच्या खोलीत जाईनात.

सत्काराच्या दिवशी हॉल पुन्हा भरला. पुष्पगुच्छ झाले, अध्यक्षांचं लांबलचक भाषण झालं. मास्तर बोलायला उठले तशी मी पहिल्या रांगेतून त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"मला हा सत्कार घेता येत नाही," ते म्हणाले. "घोडी दमली होती. ती नाही म्हणत होती. मी तिला मारून उडी मारायला लावली. तिथे मला त्याबद्दल ताकीद मिळाली. मला त्याची लाज वाटते."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. केवढा हा साधेपणा! माझ्या शेजारच्या बाईंनी तर डोळे टिपले. अध्यक्षांनी माईक ओढून घेतला. "बघा! एवढं यश मिळवून माणसाचे पाय जमिनीवर आहेत. पण मास्तर, मी तुम्हाला सांगतो, वेळ आली की कठोर व्हावंच लागतं. मुलांनो, आजच्या दिवसातून हेच घेऊन जा."

मुलांनी जोरात टाळ्या वाजवल्या. आमची लेक सगळ्यात जोरात. मास्तर गुच्छ हातात घेऊन उभे होते, त्या बादलीसारखाच. घरी येताना वाटेत म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." खरं सांगायचं तर त्या टाळ्यांनी मला आतून जरा सुटल्यासारखंच वाटलं होतं.

पुढच्या रविवारी मी लेकीचा डबा द्यायला पागेत गेले. ती 'आजोबा'वर बसली होती. आजोबा म्हणजे आमचा सगळ्यात म्हातारा घोडा, पागेतल्या निम्म्या पोरांना याच्या पाठीवर पहिला तोल सापडलाय. गुडघ्याएवढी दांडी मांडली होती. आजोबा दांडीपाशी आला आणि थांबला. त्याला अलीकडे सकाळी सांधे धरतात, सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीच्या हातात छडी होती. खिळ्यावरून कधी काढली कोण जाणे. तिने हात उंच केला, अगदी कान झाकेल एवढा उंच, आणि आजोबाच्या मांडीवर छडी ओढली.

आजोबाने उडी मारली नाही. पळालाही नाही. त्याने फक्त मान वळवून मागे पाहिलं, आपल्या पाठीवर दुसरंच कुणी येऊन बसलंय की काय अशा नजरेने.

"बाबा!" लेक तिथूनच ओरडली. "हात बरोबर गेला ना वर? फोटोतल्यासारखा?"

मास्तर रिंगणाच्या मधोमध उभे होते. मला वाटलं, आता हा माणूस जन्मात पहिल्यांदा ओरडणार. पण त्यांच्या तोंडातून 'हळू'सुद्धा निघेना. ते गेले, लेकीला खाली उतरवलं, तिच्या हातातली छडी घेतली आणि आजोबाच्या मांडीवर उठलेल्या वळावर तिचाच तळवा ठेवला. वळ अजून गरम असणार. लेकीचा चेहरा उतरला.

"असं करायचं नाही," मास्तर कसेबसे म्हणाले.

"तुम्ही केलंत की," लेक रडायला लागली. "तुम्ही मारलंत तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. मग माझंच काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिने टाळ्या ऐकल्या होत्या आणि टाळ्यांवरून धडा घेतला होता. टाळ्या वाजवणाऱ्यांत खुर्चीवर उभी राहिलेली तिची आईही होती. डबा हातात धरून मी तिथे उभी होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्तर तडक ऑफिसात गेले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. तो दाराएवढा फोटो त्यांनी एकट्याने उतरवला. मला वाटलं, आता हा वखारीतल्या सरपणात जाणार. पण त्यांनी तो खोगिरांच्या खोलीत नेला आणि छड्यांच्या खिळ्याखाली, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावला. फ्रेम वाकडी लागली होती. मी जाऊन सरळ केली. एवढंच माझ्याच्याने झालं.

अध्यक्ष संतापले. क्लबची शान घोड्यांच्या घामट खोगिरात नेऊन ठेवली म्हणाले. "अहो, घरची धुणी कुणी चव्हाट्यावर धुतं का?" मास्तर म्हणाले, "फोटो तिथेच राहील. नाहीतर शिकवायला दुसरा माणूस बघा." हळूमास्तरांकडून असं काही ऐकायची अध्यक्षांना सवय नव्हती. ते पुटपुटत गाडीत बसले.

तेव्हापासून नवी तुकडी आली की पहिला धडा त्या खोलीत होतो. मास्तर फोटोतल्या हातावर बोट ठेवतात आणि सांगतात, "हा मी. हा हात चुकलेला आहे. ही घोडी नाही म्हणत होती." दर वेळी त्यांचे कान लाल होतात. मला वाटलं होतं, चार-पाच वेळा सांगून सवय होईल, जीभ सरावेल. होत नाही. दर वेळी ते तितकेच अडखळतात. आमची लेक तेवढा वेळ बाहेर जाऊन आजोबाचे खूर साफ करत बसते.

परवा आलेल्या तुकडीत एक चुणचुणीत मुलगी होती. बाकीची मुलं चिखलाचे थेंब आणि हवेतले पाय बघत होती. ही मात्र घोडीचा फाटका कान बघत होती. मी दारात उभी राहून रिकिबीचा उसवलेला पट्टा शिवत होते.

"सर," तिने विचारलं, "मग निघताना तुम्ही तिचे लाड केलेत का?"

"गेलो होतो," मास्तर म्हणाले. "कपाळ कुरवाळायला हात वर केला, तर तिने मान झटकन मागे ओढून घेतली."

"मग?"

"मग हात खाली घेतला, आणि निघालो."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. सुई हातात तशीच राहिली. मास्तरांनी खुंटीवरून एक खोगीर उतरवलं आणि मुलांना पट्टा कसा, किती आवळायचा ते दाखवू लागले.