डाव्या हाताची सही

माझा हात आधी चालतो, डोकं मागून. कारखान्यात शॉपवर सुपरवायझर होतो तेव्हा कामगार म्हणायचे, साहेब नुसते बोलले म्हणजे आज वाचलो. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. पुढे कंपनी बंद पडली आणि मी रहाटणीच्या घरात बसून जुनी मोजमापाची यंत्रं ऑनलाइन विकायला लागलो. बंद झालेल्या वर्कशॉपमधून मायक्रोमीटर, डायल गेज उचलायचे, पुसून-तपासून विकायचे. पोटापुरतं चाललं होतं.

पहिल्याच वर्षी एकानं टोपी घातली. माल पोचला आणि गडी म्हणतो, मिळालाच नाही. कुरियरवाल्यानं दारात खोकं ठेवून फोटो काढला होता, सही घेतली नव्हती. वेबसाइटवाल्यांनी त्याचे पैसे त्याला परत दिले आणि मी बसलो बोंबलत. तेव्हापासून कानाला खडा लावला. महागडी वस्तू असली की पेटीत भरतानाचा व्हिडिओ काढायचा, पूर्ण किमतीचा विमा उतरवायचा, आणि घेणाऱ्यानं सही केल्याशिवाय माल सोडायचा नाही. त्याचे जास्तीचे पैसे पडतात, पडू देत. बायको म्हणायची, "एवढा संशय?" मी म्हणायचो, "सही म्हणजे चिलखत आहे, बाई."

गेल्या वर्षी मी माझं स्वतःचं हाइट गेज विकायला काढलं. लोखंडी भागाची उंची केसाच्या फरकानं मोजणारं परदेशी यंत्र, घरातली सगळ्यात महाग वस्तू. बायकोचे दोन्ही गुडघे गेले होते. जिना उतरताना ती कठडा धरून रडायची, आवाज न करता. ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि पैसे या गेजमधूनच यायचे होते. निघोज्याच्या एका वर्कशॉपनं ते घेतलं. चार दिवसांनी कुरियरच्या ॲपवर आलं, माल पोचला, सही झाली. त्याच संध्याकाळी वर्कशॉपमालकाची तक्रार: मालच आला नाही, पैसे परत द्या. वेबसाइटनं माझे पैसे अडकवून ठेवले.

सहीचा फोटो उघडला तर काय, अळी सरपटत गेल्यासारखी रेघ. ना नाव, ना अक्षर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, डिलिव्हरीवालाच चोर. त्यानंच बोट फिरवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणला कुरियरच्या गोदामावर गेलो. तो बाइकला पिशव्या बांधत होता, लातूरकडचा तिशी-पस्तिशीचा माणूस. मी काही विचारलंच नाही. कॉलर धरली, शटरवर आपटला आणि दोन ठेवून दिल्या. ओठ फुटला त्याचा. "आईशप्पथ काका, गेटवरच्या मामांनी केली सही! चला, मामांपुढं उभं करा मला!" दातांवर रक्त आलं होतं, तरी तो मला काकाच म्हणत होता. लोकांनी ओढून बाजूला केलं. खरं सांगतो, त्या वेळी मला बरं वाटलं होतं.

तसाच गाडीला किक मारून निघोज्याला गेलो. वर्कशॉपच्या गेटवर सिक्युरिटीचा मामा बसलेला. फार म्हातारा नाही, पण वाळलेला. टोपी कपाळापर्यंत ओढलेली, उजवा हात खिशात. मी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला.

"ही सही तुमची?"

त्यानं सहीकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "न्हाई," म्हणाला.

मी कानाखाली काढली. सगळा जोर लावून. टोपी उडून गटारात पडली, तो खुर्चीसकट कलंडला, आणि तोंड वाचवायला खिशातला उजवा हात वर आला. त्या हाताला फक्त अंगठा होता.

पुढची मारायला हात उगारला होता, तो तिथंच राहिला. चेहरा मी विसरलो होतो. तो हात नव्हतो विसरलो.

पंधरा वर्षांपूर्वी हा माणूस माझ्या लाइनवर पत्रा दाबून आकार देणारा पॉवर प्रेस चालवायचा. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहत नाही. पण त्यात वेळ जातो. मालाची बोंब होती, वरून शिव्या येत होत्या, म्हणून मी एक बटण तारेनं कायमचं दाबून बांधायला लावलं. तो म्हणाला होता, "सायेब, ह्ये बरं न्हाई." मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि म्हणालो, "चालव गपचूप." तिसऱ्या दिवशी प्रेस त्याच्या हातावर आला. हातमोजा काढला तेव्हा चार बोटं मोज्यातच राहिली. तो ओरडला नाही. शेजारच्या मशीनवरचा ओरडला.

दवाखान्यात कंपनीचा कागद घेऊन मीच गेलो. माझ्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, असं त्याच्या नावानं टाइप केलेलं. उजव्या हाताला हे एवढं बँडेज. मी पेन त्याच्या डाव्या हातात खुपसलं, मनगट घट्ट धरलं आणि म्हणालो, "सही कर, नोकरी तरी राहील." गुंगीतच त्यानं रेघ ओढली. नोकरी सहा महिने राहिली. त्या कागदाची एक झेरॉक्स मी घरी आणून ठेवली, उद्या माझ्यावर शेकलं तर असावी म्हणून.

आरडाओरडा ऐकून मालक बाहेर आला. "अहो, मारता काय गरिबाला? सही करायला बोटं तरी आहेत का त्याला?" असं म्हणून त्यानं मामाचं उजवं मनगट धरून वर केलं, बाजारात कोंबडी उचलून दाखवतात तसं. आतले कामगार दारात येऊन बघायला लागले. मामा मान खाली घालून उभा.

तेवढ्यात मालकाला फोन आला, तो चार पावलं लांब गेला. मामा हळूच बोलला, "गेज आत हाय, सायेब. सही माझीच. मालक म्हनलं, न्हाई म्हन, न्हाईतर घरी बस. तवा तुमी सांगितलं तसं केलं, आता ह्ये सांगत्यात तसं करतोय." गाल सुजायला लागला होता त्याचा. "डावी सही तुमी वळकनार, ठावं हाय मला. पर कुनाला सांगू नगा. लई मिनतवारीनं ह्ये गेट मिळालंय."

मी "बरं" म्हणालो. गटारातली टोपी काढून त्याच्या हातात दिली आणि निघालो.

वेबसाइटचा मेल आला: ही सही माल घेणाऱ्याच्याच माणसाची आहे याचा पुरावा द्या, नाहीतर पैसे खरेदीदाराला जातील. मी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी, मुदत संपायच्या दुपारी, आत बायको पलंगावरून उठताना "आई गं" म्हणाली. मी कपाटातून झेरॉक्स काढली. मोबाइलमधली सही तिच्या शेजारी धरली. तीच अळी. मग स्टीलची पट्टी घेऊन वरचा सगळा मजकूर झाकला, फक्त सही आणि त्याचं नाव दिसेल असा फोटो काढला आणि पाठवून दिला. सोबत लिहिलं, हा माणूस त्यांच्या गेटवर कामाला आहे आणि डाव्या हातानं सही करतो.

पैसे आले. ऑपरेशन झालं. बायको आता जिना उतरते आणि मला म्हणते, "तुमच्या सहीनं तारलं हो."

दोन महिन्यांनी मी निघोज्याला गेलो. गेटवर दुसराच माणूस बसला होता. मामाचं घर विचारत विचारत गाठलं. तो ओट्यावर जेवायला बसला होता. उजव्या अंगठ्यानं भाकरी दाबून धरायची आणि डाव्या हातानं मोडायची, असं चाललं होतं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टी ठेवून मजकूर झाकला, तेही सांगितलं.

"ठावं हाय," तो म्हणाला. "मालकानं त्यो फोटू दावूनच काढलं मला."

"मारा मला," मी म्हणालो. मला खरंच मार हवा होता, बायकोच्या शपथेवर सांगतो.

"मुठीला बोटं लागत्यात, सायेब."

"डावा आहे की! डाव्यानं मारा. फोडा माझं थोबाड."

त्यानं डाव्या हाताकडे बघितलं. बोटांना कालवण लागलं होतं.

"ह्या हातानं जेवतो मी," तो म्हणाला. "ह्यो कुनावर उचलत न्हाई." आणि त्यानं पुढचा घास मोडला.