लॉरेन्सकाकांची दहावी कॅसेट

लॉरेन्सकाकांकडे नाताळच्या एकाच गाण्याच्या नऊ कॅसेटी होत्या, आणि त्यातली एकही दुसरीसारखी नाही असं त्यांचं एकट्याचं मत होतं.

काका आणि माझे बाबा तारापूरच्या अणुवीज केंद्रात एकाच पाळीत. काका वसईकडचे, बाबा सांगलीकडचे, आणि कॉलनीत आमचं दारासमोर दार. नाताळच्या दुपारी आम्ही सगळे त्यांच्याकडे केक खायला जायचो. पण केकच्या आधी परीक्षा असायची! बाळाला निजवणारं ते जुनं, संथ गाणं काका नऊच्या नऊ प्रकारे ऐकवायचे. एकात परदेशातली लहान मुलं, एकात नुसतं व्हायोलिन, एकात कुठलासा गोव्याचा बँड. मग डोळे मिटून विचारायचे, "बोला शिंदे, कुठला आवडला?"

बाबांना सगळी सारखीच वाटायची. ते अतिशय गंभीरपणे म्हणायचे, "चौथं."

(चौथं सगळ्यात आखूड होतं.)

शेवटी काका स्वतःची लाडकी, दहावी कॅसेट लावायचे. ती त्यांनी घरीच भरलेली. त्यात ते स्वतः गाताहेत, आणि मागे कोरसला आम्ही कॉलनीतली पोरं.

काका जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या बायको, सेलिनमावशी, आता बोईसरला आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. गेल्या नाताळच्या आठवडाभर आधी मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हणालो, "मावशी, ती दहावी कॅसेट द्या. मोबाइलवर घेतो. एकदम नवीकोरी करून देतो!"

"नवी कशाला रे पम्या? हाय ती बरी हाय."

"अहो, खरखर किती आहे त्यात!"

"सांबाळ हां. एकच हाय ती."

(मी कारखान्यात मशिनी दुरुस्त करतो. त्यामुळे जगात काहीही दुरुस्त करता येतं, असा माझा समज आहे. माझ्या बायकोचा नाही.)

मावशींचा टेपरेकॉर्डर बंद पडलेला, म्हणून पालघरच्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुना आणला, गाणं मोबाइलवर उतरवलं आणि कानाला लावलं. अरे देवा! गाणं होतं कुठे? कुकरच्या शिट्ट्या, कावळे, खाली घिवलीची मासळीवाली "बोंबीलऽऽ" करत चाललेली, आणि ऐन रंगात आलेल्या ओळीवर मावशींचा आवाज, "लॉरेन्स! गाणा ऱ्हाऊ दे, केक करपला!"

मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'ही आधीची अवस्था. आता माझी कमाल बघा.' कुणीही उत्तर दिलं नाही. (आमच्या ग्रुपवर फक्त सुप्रभात चालतं.)

मग मी एक ॲप घेतलं. 'आवाज स्वच्छ करा' असं बटण होतं. दाबलं. कुकर गेला! पुन्हा दाबलं. कावळे उडाले! मासळीवाली गेली, मावशी गेल्या, करपलेला केकही गेला. शेजारी 'सूर सुधारा' असं आणखी एक बटण होतं. आता बटण समोर असताना मी दाबणार नाही, असं कसं होईल? गाणं संपल्यानंतरची उरलेली खरखर तर मी न ऐकताच कापून टाकली. मोबाइल भरला होता, म्हणून मूळ रेकॉर्डिंगही पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सहज तुलना करावी म्हणून कॅसेट परत लावली, तर रेकॉर्डरने टेप गिळली! ओढली तर शेवयांसारखी बाहेर आली, आणि तीन ठिकाणी तुटली.

"आता?" बायकोने विचारलं.

"आता काय? आपल्याकडे त्याहून चांगली प्रत आहे," मी म्हणालो. माझा आवाज मात्र तेवढा स्वच्छ नव्हता.

नाताळच्या दुपारी मावशींकडे आम्ही सगळे जमलो. मी मोठा स्पीकर जोडला आणि लावलं. काय ते गाणं! एकही खरखर नाही, काका घोटून घोटून सुरात, मागे पोरांचा गोड कोरस. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मावशी नुसत्या स्पीकरकडे बघत होत्या.

"हा कोण?"

"मावशी, काका!"

"नाय रे. हा चांगला गातोय." त्यांनी पुन्हा कान दिला. "आनि मी कुठे हाय?"

"ह्यांनी तुम्हाला स्वच्छ केलं, मावशी," बायको म्हणाली.

मावशी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "त्यात तो मला ओ द्यायचा रे. केक करपला म्हटल्यावर 'आलो, आलो' म्हणायचा. मी तेवढ्यासाठीच लावायची."

मी खिशातून टेपच्या शेवया काढून पुढे धरल्या.

तेवढ्यात बाबांनी खिशातून मोबाइल काढला. "माझ्याकडे आहे ते. तूच ग्रुपवर टाकलंस ना? रोज सकाळी फिरताना ऐकतो मी."

"तुम्ही? तुम्हाला तर सगळी सारखीच वाटायची!"

"ती नऊ," बाबा म्हणाले.

आणि त्या एवढ्याशा मोबाइलवर कुकरने शिट्टी मारली, बोंबीलवाली ओरडली, मावशी ओरडल्या आणि सूर सोडून काका म्हणाले, "आलो, आलो!" मावशी रुमालात तोंड घालून हसत होत्या की रडत होत्या, कळेना. "खरंच करपलेला रे," त्या म्हणाल्या, "पन मेल्याने गाणा पुरा केला तेव्हाच उठला."

गाणं संपलं. बाबांना मोबाइल बंद करायचं सुचलं नाही. मी न ऐकताच कापून टाकलेली खरखर सुरू झाली, आणि तिच्यातून काका खुशीत म्हणाले, "मस्त झाला! पुढच्या वेळी फक्त त्या शिंद्यांच्या पोराला सांगा, नुसता तोंड हलव म्हणावा."

घर हसण्याने दणाणलं. मी मुकाट्याने माझी स्वच्छ प्रत पुन्हा लावून नीट ऐकली. काकांची ती सूचना इतक्या वर्षांनी कुणीतरी पाळली होती. कोरसमध्ये कॉलनीतली सगळी पोरं जागच्या जागी होती. ॲपने काढलं होतं फक्त मला!